मदत हवी आहे: 4.5 मिमी एअर रायफलसाठी छर्‍याचं माप कसं ठरवावं?

मंडळी, सांगलीत पत्र्याच्या शेडमध्ये 10 मीटरच्या सरावासाठी स्प्रिंगची एअर रायफल घ्यायची आहे. वापर फक्त कागदी निशाण्यावर. हरभर्‍यात ससे येतात म्हणून कोणी 0.22 इंची नळीची रायफल सुचवेल, तर ती नको. ससा वन्यजीव संरक्षण कायदा 1972 खाली येतो, त्याची शिकार गुन्हा आहे. पिकाला जाळी लावावी, बंदूक नाही.

0.22 म्हणजे 5.5 मिमी तशीही बाद. नळी 4.5 मिमीहून मोठी असेल किंवा ताकद 20 ज्यूलच्या वर असेल, तर परवाना लागतो. शिवाय 10 मीटरच्या स्पर्धा 4.5 वरच होतात. छरा सपाट तोंडाचाच घेणार, साधारण 0.53 ग्रॅमचा, तो कागदाला गोल, स्वच्छ भोक पाडतो. टोकदार छर्‍याने कागद फाटतो आणि गुण मोजताना वाद होतात.

अडलंय ते छर्‍याच्या डोक्याच्या, म्हणजे पुढच्या भागाच्या व्यासावर: 4.49, 4.50 की 4.51 मिमी? लहान छरा बोटाने ढकलताच सुळकन आत जातो, हवा बाजूने निसटते, वेग दर वेळी वेगळा. मोठा जोर लावून बसवताना त्याची मागची पातळ कड चेपते. दहाचा ठिपका जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा, तिथे हे सगळं दिसतं.

तिन्ही मापं तपासायची कशी? रायफल शिकंजात आवळली तर स्प्रिंगचा झटका अडतो आणि मारा भलतीकडे सरकतो. रायफल मऊ वाळूच्या पिशवीवर टेकवून प्रत्येक मापाचे 10 छरे मारले तर पुरतील का? आणि सातारा-सांगलीत तिन्ही मापं सुटी कुठे मिळतात?