चार नगरसेवक निवडले, पण प्रभागाचा प्रमुख कोण?

खाडीपल्याड (वाशी)
15 जानेवारी 2026 ला महापालिकेच्या निवडणुकीत चार बटणं दाबून आलो. प्रभागातल्या चार जागा: अ, ब, क, ड. नवी मुंबईत 2015 मध्ये 111 प्रभागांतून 111 नगरसेवक आले होते. आता तेवढेच 28 प्रभागांतून आलेत: 27 प्रभागांत चार-चार, एकात तीन. 2011 च्या जनगणनेचे 11 लाख 20 हजार लोक धरले तरी प्रभाग सरासरी 40 हजारांचा होतो. गटार तुंबलं की यातल्या कोणाच्या दारात जायचं?

पॅनेल, म्हणजे एका प्रभागातून अनेक नगरसेवक ही पद्धत मोडा, असं माझं म्हणणं नाही. माझा ऑफिसातला सहकारी पोखऱ्याचा आहे. नेपाळमध्येही एका वॉर्डातून पाच जण निवडतात: एक अध्यक्ष, एक महिला, एक दलित महिला आणि दोन खुले सदस्य. महापौर-उपमहापौर थेट, म्हणजे एका मतदाराची सात मतं. पण त्या पाचांत प्रमुख कोण, हे मतपत्रिकेवरच ठरतं. जन्माची नोंद असो की शिफारसपत्र, लोक वॉर्ड अध्यक्षाच्या कार्यालयात जातात. आपल्याकडे चौघांचा दर्जा सारखा, त्यामुळे प्रत्येकाला दुसऱ्याकडे बोट दाखवता येतं. चारपैकी एक जागा प्रभागप्रमुखाची म्हणून लढवायला काय हरकत आहे?

नौपाडेकर
हरकत आहे. पॅनेल हाच रोग, तो ठेवून वर प्रमुखाची पगडी कशाला? मुलुंड चेकनाक्याच्या पलीकडे, मुंबईत 227 प्रभाग, प्रत्येकाचा एकच नगरसेवक, कारण मुंबईला 1888 चा स्वतंत्र कायदा. नाक्याच्या अलीकडे, आमच्या ठाण्यात मात्र पक्षांना जसं सोयीचं तसं. ठाण्यात 2012 ला दोनचं पॅनेल, 2017 ला चारचं. 2021 मध्ये महाविकास आघाडीने तीनचं ठरवलं, 2022 मध्ये सरकार बदललं आणि पुन्हा चार. यात मतदाराला कोणी विचारलं? 50-55 हजारांच्या प्रभागात पदरच्या पैशांवर अपक्ष उभा राहून दाखवा. चाळीतला, सोसायटीतला कामाचा माणूस या पद्धतीत बादच होतो.

खाडीपल्याड (वाशी)
अपक्ष बादच होतो असं नाही. काठमांडूत 2022 ला बालेन शाह अपक्ष म्हणून महापौर झाले, धरानला हर्क साम्पाङ. दोघांमागे पक्ष नव्हता.

नौपाडेकर
ते थेट महापौर होते म्हणून! सगळ्या शहराने एका माणसाकडे बघून मत दिलं. तुमचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे.

सेक्टर_अठ्ठावीस
एक अप्रिय गोष्ट बोलू? मे 2020 पासून जानेवारी 2026 पर्यंत नवी मुंबईत एकही नगरसेवक नव्हता. पाणी आलं, कचरा उचलला गेला, शहराला पाणी देणारं मोरबे धरण काही आटलं नाही. स्वच्छ सर्वेक्षण 2023 मध्ये देशात तिसरा नंबर आला, तो प्रशासकाच्या, म्हणजे नगरसेवक नसताना कारभार पाहणाऱ्या अधिकाऱ्याच्या काळात. मग प्रमुख एक की चार, हा वाद कशासाठी?

खाडीपल्याड (वाशी)
2020 च्या सर्वेक्षणातही तिसराच नंबर होता. ती पाहणी झाली तेव्हा नगरसेवक होते. नंबराचं श्रेय प्रशासकाला द्यायचं तर हेही मोजा.

दिवेकरीण
नंबर तुमच्याकडे येतात हो, आमच्या ठाण्यातल्या दिवा गावात टँकर येतो. मार्च 2022 नंतर ठाण्यात आयुक्तच प्रस्ताव मांडणार आणि प्रशासक म्हणून आयुक्तच मंजूर करणार. पूर्वी महासभेत निदान आरडाओरडा व्हायचा, पेपरात यायचं, कळायचं तरी काय चाललंय. नगरसेवक नसले म्हणजे राजकारण थांबतं, असं वाटतं का? माजी नगरसेवक फायली घेऊन फिरतच होते, फक्त त्यांना जाब विचारायची सोय गेली.

नेपाळचं काढलंच आहे तर पूर्ण काढा. तिथे 1997 नंतर धड स्थानिक निवडणूक झाली ती 2017 मध्ये. मधली 2006 ची राजाने घेतलेली, मोठ्या पक्षांचा बहिष्कार होता. 2002 ला मुदत संपल्यावर कारभार सरकारी कर्मचाऱ्यांकडे गेला. मग स्थानिक पक्षांची ‘सर्वपक्षीय यंत्रणा’ बसवली. सगळ्यांनी मिळून वाटून घ्यायचं, विरोधात कोणीच नाही! भ्रष्टाचार इतका बोकाळला की 2012 मध्ये ती गुंडाळावी लागली. त्यांनी शहाणपण विकत घेतलं आणि 13 मे 2022 ला पुढची निवडणूक घेतली. त्याच वसंतात आपल्या ठाण्यात प्रशासक बसला होता.

काळी_कोट (कळवा)
प्रशासक लांबला तो ओबीसी आरक्षणाच्या खटल्यात. शेवटी मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार महिन्यांत निवडणुका घ्या म्हणून सांगितलं, तरी जानेवारी 2026 उजाडलाच. वास्तविक मुदत संपण्याआधी निवडणूक हवी, हे संविधानाच्या 243-यू मध्ये 1993 पासून आहे.

पण मूळ मुद्दा पटला नाही. नेपाळच्या वॉर्ड अध्यक्षाला वजन आहे ते मतपत्रिकेवरच्या पदनामामुळे नव्हे. तिथल्या संविधानाच्या आठव्या अनुसूचीत 22 अधिकार स्थानिक सरकारचे म्हणून लिहिलेत, माध्यमिक शिक्षणापर्यंत. आपल्याकडे 1949 च्या महापालिका कायद्याने कार्यकारी अधिकार आयुक्ताकडे. आपला महापौर नगरसेवकांनी अडीच वर्षांसाठी निवडलेला, तोही सोडतीत आरक्षण निघेल त्यातून. महापौराचंच असं, तर तुमचा प्रभागप्रमुख काय करणार? दारावर आणखी एक पाटी लागेल, इतकंच.

खाडीपल्याड (वाशी)
अधिकार येतील तेव्हा येतील. निदान तक्रार घेऊन जायला दार तरी एकच असेल. नगरपालिकांत नगराध्यक्ष थेट निवडतातच की.

काळी_कोट (कळवा)
निवडतात. अंबरनाथ बघा. डिसेंबर 2025 मध्ये नगराध्यक्ष थेट निवडून आल्या भाजपच्या, सभागृहात सर्वात मोठा पक्ष शिंदेंची शिवसेना. बहुमतासाठी भाजपने काँग्रेसचे नगरसेवक सोबत घेतले, काँग्रेसने त्यांना निलंबित केलं, तर ते भाजपमध्येच गेले. हेच तुम्हाला प्रत्येक प्रभागात हवंय का? प्रमुख एका पक्षाचा, उरलेले तिघे दुसऱ्याचे?

दिवेकरीण
आणि प्रभागप्रमुखाच्या जागेवर बायका किती येतील तेही सांगा. आता निम्म्या जागा आमच्या आहेत. प्रमुखपद वेगळं काढलंत की तिथे साहेब, आणि ताई ‘ब’ गटात. नेपाळात महापौर-उपमहापौर जोडीत पक्षाने एक बाई द्यायचीच, असा नियम आहे. 2017 ला पक्षांनी बहुतेक बायकांना उपमहापौर केलं. 2022 ला युती करून एकेकच जागा लढवली, मग नियमच लागू होईना, आणि उपमहापौर बायकाही कमी झाल्या. पळवाट शोधण्यात पक्ष सगळीकडचे सारखेच हुशार.

खाडीपल्याड (वाशी)
हा मुद्दा मान्य, प्रमुखपदालाही आरक्षणाचं चक्र लागेल. तोवर कायदा न बदलता एवढं करता येईल: चौघांनी प्रभागाचे चार भाग वाटून घ्यावेत आणि कोणाकडे कुठला भाग, ते प्रभाग कार्यालयात लावावं.

सेक्टर_अठ्ठावीस
चौघे एका पक्षाचे असतील तर वाटतीलही. दोन इकडचे, दोन तिकडचे असले की टॉवरवाला भाग चौघांनाही हवा आणि गावठाण कोणालाच नको.

नौपाडेकर
म्हणूनच म्हणतो, निवडणुकीआधीच चार भाग पाडा आणि प्रत्येकाला एकेक नगरसेवक द्या. 2015 ला तुमच्याकडे होतंच की ते.