फळांचा फ्रेंच टोस्ट: फळे मिश्रणात घालावीत, पोटात भरावीत की वरून वाढावीत?

शेवंती यांचा प्रश्न

सप्रेम नमस्कार. येत्या रविवारी सकाळी उशिरा, कसलीही घाई न करता सहा जणांना एकत्र बसून खाता येईल असा फळांचा फ्रेंच टोस्ट करण्याचा माझा विचार आहे. फळे सजावटीपुरती वर ठेवलेली नसावीत आणि त्यांची चव प्रत्येक घासात लागावी, एवढीच माझी अपेक्षा आहे. स्ट्रॉबेरी, केळी, सफरचंद आणि अननस ही फळे मला मिळू शकतात. याबाबत तीन मार्ग सुचवलेले दिसतात. फळांचा गर अंड्या-दुधाच्या मिश्रणातच मिसळावा, असे काही जण सांगतात. काही जण पावाच्या पोटात फळांचे सारण भरतात. तर काही जण फळे वेगळी शिजवून टोस्टवर वाढतात. पाव बाहेरून खरपूस आणि आतून मऊ, पण ओलसर गोळा न झालेला असा हवा असेल, तर यांपैकी कोणता मार्ग धरावा? पाव कोणता घ्यावा, अंडी आणि दूध यांचे प्रमाण किती असावे आणि काही तयारी आदल्या रात्री करून ठेवता येईल का, हेही कृपया सांगावे.

कढईकाठी यांचे उत्तर

आपल्या प्रश्नाचे उत्तर फळांतील पाण्यात दडलेले आहे, असे माझे मत आहे. स्ट्रॉबेरीमध्ये वजनाच्या सुमारे 90 टक्के पाणी असते, सफरचंद आणि अननस यांच्यात सुमारे 85 टक्के, तर केळ्यात सुमारे 75 टक्के. फ्रेंच टोस्ट आतून शिजतो म्हणजे पावाने शोषलेल्या मिश्रणातील अंड्याची प्रथिने उष्णतेने घट्ट होऊन त्या पाण्याला धरून ठेवतात. मिश्रणात फळांचा गर घातला की पाणी वाढते, अंड्याचा अंश कमी पडतो आणि तव्यावर बाहेरची बाजू करपू लागली तरी आतला भाग पातळच राहतो. शिवाय आंबट फळाच्या रसाने दूध फाटण्याची शक्यता असते. अननसाची आणखी एक अडचण अशी, की कच्च्या अननसात प्रथिने तोडणारे ब्रोमेलेन हे विकर असते आणि त्याचा गर दुधाच्या मिश्रणात घालून काही वेळ ठेवला तर त्याला कडवट चव येते. किवी आणि पपई यांच्यातही अशी विकरे असतात. अननस शिजवला की विकर निष्क्रिय होते आणि ही अडचण उरत नाही.

म्हणून मी निःसंकोचपणे तिसरा मार्ग सुचवेन: पाव आणि फळे ताटात येईपर्यंत एकमेकांपासून दूर ठेवावीत. याला अपवाद फक्त पिकलेल्या केळ्याचा आहे. त्याला आंबटपणा बेताचा असतो आणि त्याचा गर दाटसर असतो, त्यामुळे चार अंड्यांच्या मिश्रणात अर्धे केळे अगदी गुळगुळीत कुस्करून घातले तरी टोस्ट बिघडत नाही. मात्र केळ्यातील साखरेमुळे रंग लवकर चढतो, तेव्हा आच नेहमीपेक्षा मंद ठेवावी. मिश्रणाला फळाचा सुगंध हवा असेल, तर संत्र्याच्या किंवा लिंबाच्या सालीचा वरचा रंगीत थर किसून घालावा. सुगंधी तेल सालीत असते आणि रसाबरोबर येणारे पाणी व आम्ल त्यातून टळते.

पावाच्या बाबतीत थोडे सविस्तर लिहितो, कारण टोस्टचे यशापयश बहुतांशी तेथेच ठरते. अंडी, दूध आणि बटर घालून केलेला ब्रिओश किंवा तशाच जातीचा मऊ, गोडसर पाव अखंड आणावा आणि घरी 2 ते 2.5 सेंटीमीटर जाडीचे काप करावेत. बाजारातील पातळ कापांना इतके मिश्रण पेलत नाही. शिळा पाव चांगला, असे सर्वत्र सांगितले जाते, पण शिळा होणे आणि वाळणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत. पाव शिळा होतो तेव्हा त्यातील पिठूळ द्रव्य पुन्हा कडक होते. पाण्याचा अंश मात्र बराचसा तसाच राहतो. फ्रीजमध्ये ही क्रिया अधिक वेगाने होते. आपल्याला हवा आहे तो वाळलेला पाव, कारण जेवढे पाणी आधी निघून जाईल तेवढी मिश्रणाला जागा होते. त्यासाठी काप जाळीवर मांडून 150 अंश सेल्सिअस तापमानाच्या ओव्हनमध्ये एकदा उलटून 10 ते 15 मिनिटे ठेवावेत. पृष्ठभाग कोरडा व्हावा, पण रंग चढू नये.

सहा जणांसाठी 12 काप धरले, तर सहा अंडी, 450 मिलिलिटर साय न काढलेले दूध, दीड मोठा चमचा साखर, पाव छोटा चमचा मीठ आणि थोडा व्हॅनिला अर्क पुरतो. अंडी आधी मीठ-साखरेबरोबर नीट फेटून मग दूध घालावे आणि मिश्रण गाळून घ्यावे. न फेटलेल्या पांढऱ्या बलकाचे धागे कापावर चिकटून शिजतात आणि खाताना जाणवतात. मीठ वगळू नये, त्यावाचून गोडवा सपक लागतो. साखर याहून वाढवू नये, गोडवा फळांतून येऊ द्यावा. असे वाळवलेले काप प्रत्येक बाजूने एक ते दीड मिनिट भिजवावेत आणि उचलल्यावर जास्तीचे मिश्रण निथळू द्यावे.

मंदआच यांचे उत्तर

वरील उत्तराशी मी पूर्ण सहमत आहे, म्हणून फक्त फळांविषयी लिहिते. स्ट्रॉबेरी शिजवून तिचा लगदा करणे मला पटत नाही. तिचा ताजेपणा हेच तिचे वैशिष्ट्य आहे. सुमारे 400 ग्रॅम स्ट्रॉबेरीचे तुकडे करून त्यांत तीन मोठे चमचे साखर आणि एक छोटा चमचा लिंबाचा रस घालून अर्धा तास झाकून ठेवावे. साखर फळातील पाणी बाहेर ओढते आणि तळाशी लालभडक रस जमतो. हा रस तेवढा गाळून घेऊन लहान पातेल्यात निम्मा होईपर्यंत आटवावा आणि कोमट झाल्यावर पुन्हा त्या कच्च्या तुकड्यांवर ओतावा. फळ ताजे राहते, रस दाट होतो आणि वाढल्यावर पाव लगेच भिजून खाली बसत नाही. गोठवलेली फळे वापरायची असतील, तर ती आधी पूर्ण वितळू द्यावीत, कारण बर्फाच्या कणांनी त्यांच्या पेशी फाटलेल्या असतात आणि त्यांतून पुष्कळ रस सुटतो. त्या रसालाही हीच पद्धत लागू पडते.

सफरचंदाची गोष्ट वेगळी आहे. त्याच्या सेंटीमीटरभर जाडीच्या फोडी बटरमध्ये मध्यम आचेवर सहा ते आठ मिनिटे परताव्यात. फोड मऊ व्हावी पण मोडू नये, आणि साखर व दालचिनी शेवटी घालावी. केळ्याचे तिरके जाड काप साखरेत घोळवून गरम तव्यावर प्रत्येक बाजूने मिनिटभर ठेवले की पुरे. चारही फळे एकाच ताटात घालण्याचा मोह मात्र आवरावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. केळ्याच्या मऊ गोडव्याजवळ स्ट्रॉबेरीचा आंबटपणा शोभतो. सफरचंद आणि दालचिनी यांना इतर कोणाची सोबत लागत नाही.

पहाटवारा यांचे उत्तर

सारण भरण्याचा मार्ग येथे सरसकट बाद ठरवलेला दिसतो, त्याबद्दल माझा नम्र मतभेद आहे. प्रत्येक घासात फळ हवे, ही आपली मूळ अपेक्षा त्याच मार्गाने सर्वांत चांगली पूर्ण होते. मात्र त्यासाठी काप 4 सेंटीमीटर जाड हवा. एका बाजूने सुरी घालून, तिन्ही कडा शाबूत ठेवून, त्यात खिसा करावा. क्रीम चीज आणि आटवून घट्ट केलेले फळ समप्रमाणात मिसळून प्रत्येक खिशात एक मोठा चमचा भरावे. कच्चे फळ भरू नये, कारण त्याचे पाणी आत अडकून राहते. अशा जाड कापाला तव्यावर फक्त दोन्ही बाजूंनी रंग द्यावा आणि मग तो 180 अंशांच्या ओव्हनमध्ये 8 ते 10 मिनिटे ठेवावा. तेवढ्या जाडीचा काप केवळ तव्यावर आतपर्यंत शिजवू गेल्यास बाहेरून जळतो.

शेवंती यांचा प्रतिसाद

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिलेत, याबद्दल मनापासून आभार. सहा जणांसाठी सारणाचे खिसे करणे मला एकटीला जमणार नाही, म्हणून फळे वेगळी ठेवण्याचे निश्चित करते. केळी आणि स्ट्रॉबेरी एवढीच घेईन. आता दोन शंका उरतात. बटर तव्यावर लवकर काळे पडते, त्यासाठी त्यात तेल मिसळावे का? आणि 12 काप भाजेपर्यंत पहिले काप गार होऊन नरम पडतील, त्यांचे काय करावे?

कढईकाठी यांचे उत्तर

तेल मिसळल्याने बटर जळत नाही, हा समज रूढ असला तरी चुकीचा आहे. काळे पडतात ते बटरमधील दुधाचे घन कण, आणि तेलात असले तरी ते तेवढ्याच तापमानाला जळतात. बटर कढवून ते कण गाळून काढले, म्हणजेच तूप वापरले, तर भाजताना काही काळे पडत नाही. प्रत्येक खेपेनंतर तवा कागदाने पुसून नवे तूप घालावे. बटरचीच चव हवी असेल, तर काप उलटताना त्याचा लहानसा तुकडा कडेने सोडावा. आच मध्यमाहून किंचित कमी ठेवावी आणि प्रत्येक बाजूला तीन ते चार मिनिटे द्यावीत. मध्यभागी बोटाने हलके दाबल्यावर काप परत वर यावा आणि मिश्रण बाहेर येऊ नये. घरी अन्नात खुपसायचा तापमापक असेल, तर आतील तापमान किमान 71 अंश सेल्सिअस झाल्याची खात्री करून घ्यावी.

भाजलेले काप एकावर एक रचू नयेत, कारण त्यांची वाफ त्यांनाच नरम करते. ओव्हन 100 अंशांवर ठेवून त्यातील जाळीवर ते सुटे मांडावेत. अर्धा तास तरी ते गरम आणि खरपूस राहतात. आदल्या रात्री पाव वाळवून झाकून ठेवता येईल आणि मिश्रण गाळून फ्रीजमध्ये ठेवता येईल. सकाळी ते एकदा ढवळून घ्यावे. स्ट्रॉबेरीला साखर मात्र सकाळीच लावावी, नाहीतर रात्रभरात तुकडे अगदी लिबलिबीत होतात. केळी सर्वांत शेवटी, पाहुणे टेबलावर बसल्यावर चिरावीत, म्हणजे ती काळी पडण्याआधीच तव्यावर जातील.