शब्दचर्चा : 'नैतिक नेतृत्व'ला कामगारांना कळेल असा मराठी शब्द

ऐरोलीकर
नमस्कार मंडळी. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कारखान्यात मी मनुष्यबळ विभागात आहे. कंपनीची आचारसंहिता इंग्रजीत आहे. ती मराठीत करून पाळीवरचे कामगार, सुपरवायझर आणि कंत्राटी मुलं यांना वाचून दाखवायची आहे. भाषांतर करून देणाऱ्यांनी मजकूर पाठवला, त्यात 'नैतिक नेतृत्व', 'सचोटी', 'उत्तरदायित्व', 'निर्भय अभिव्यक्ती' असे शब्द आहेत. दोन सुपरवायझरांना मी तो वाचून दाखवला. त्यातल्या एकाने विचारलं, "मॅडम, नैतिक म्हणजे राजीनामा देताना म्हणतात तेच ना?" त्याने अगदी मनापासून विचारलं होतं. हा मजकूर फायलीत पडून राहू नये, त्याने खरोखर काही घडावं असं मला वाटतं. 'नैतिक नेतृत्व'ला दुसरा काही शब्द आहे का?

नौपाडाकर
ताई, त्या सुपरवायझरने नेमकं दुखणं सांगितलं. आपल्या वर्तमानपत्रांत 'नैतिक' हे विशेषण वर्षानुवर्षं ठरावीक जागीच येत राहिलं, त्यामुळे त्याचा अर्थ आक्रसला. नैतिक विजय झाला म्हणजे निवडणूक हरलो. नैतिक पाठिंबा दिला म्हणजे माणसं आणि पैसे देणार नाही. नैतिक जबाबदारी म्हणजे जी कायद्याने अंगावर येत नाही ती. प्रत्येक ठिकाणी 'नैतिक'चा अर्थ 'प्रत्यक्षात नसलेलं' असाच लागतो. नोव्हेंबर 1956 मध्ये तेव्हाच्या मद्रास राज्यात अरियालूरजवळ रेल्वेचा भीषण अपघात झाला आणि लालबहादूर शास्त्रींनी रेल्वेमंत्रिपद सोडलं, तेव्हा त्या शब्दाला वजन होतं. पुढे तो ज्याने-त्याने वापरून झिजवला.

व्युत्पत्ती पाहिली तर हा जोडशब्द फार सुरेख आहे. नेता आणि नीती दोन्ही संस्कृत 'नी' धातूचे. 'नी' म्हणजे नेणे, आपलं रोजचं 'नेणे' हे क्रियापदही त्यातलंच. नायक, नायकाचा झालेला नाईक, सेनानी, अग्रणी सगळे याच घरचे. नेणारा तो नेता आणि नेण्याची रीत ती नीती. म्हणूनच नीतीचा अर्थ निव्वळ चांगुलपणा असा कधीच नव्हता. राजनीती, रणनीती, कूटनीती या शब्दांत सदाचार शोधून सापडणार नाही. हिंदीत तर नीती म्हणजे सरळ धोरण. मराठीत धोरण हा वेगळा शब्द रुजला, त्यामुळे आपली नीती सदाचाराकडे झुकली. 'नीतिमान माणूस' म्हटलं की मराठी कानाला अजून नेमकं कळतं. म्हणून माझी पहिली सूचना: विशेषण ठेवायचंच असेल तर 'नीतिमान' ठेवा. 'नैतिक नेतृत्व' या शब्दात तत्त्वाची गोष्ट येते, 'नीतिमान' म्हटलं की कोणातरी माणसाबद्दल बोलावं लागतं.

वाशीकर
मी इथल्या घाऊक बाजारात आहे. आमच्याकडे 'नेतृत्व' कोणी तोंडात घेत नाही. माथाडींच्या टोळीला मुकादम असतो. शब्द अरबीतून आलेला, अर्थ पुढे ठेवलेला माणूस. गंमत म्हणजे पुढारी हाही पुढचा आणि म्होरक्याही पुढचाच. पण पुढारी आता फक्त राजकारणातला उरला, आणि म्होरक्या म्हटलं की पोलिसांनी पकडलेल्या टोळीचाच आठवतो. मुकादम तेवढा अजून कामाचा राहिला. 1969 च्या माथाडी कायद्यानंतर मजुरी मंडळामार्फत मिळू लागली, त्यामुळे मुकादमाची पत तो काम कसं वाटून देतो यावर ठरते. जड गाडी कोणाला, हलकी कोणाला, आजारातून उठलेल्याला कुठे लावायचं. टोळी रोज हे बघत असते.

सचोटी शब्दाबद्दल एक सांगतो. आमच्या लोकांना तो कळतो, पण बोलण्यात नाही. आम्ही 'चोख' म्हणतो. व्यवहाराला चोख, हिशेबाला चोख. कंत्राटी मुलांना हे लगेच समजेल.

कोपरीकर
चोख चांगला शब्द आहे, पण सचोटी टाकून देऊ नका. माझी सगळी नोकरी राज्य शासनात गेली. आमच्या गोपनीय अहवालात सचोटीबद्दल शेरा असायचा आणि त्या शेऱ्यावर माणसाची बढती अडायची. कागदावरचा शब्द असूनही त्याला धार होती.

मुद्दा मात्र वेगळा आहे. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, 1979 यातला तिसरा नियम ताईंनी जरूर वाचावा. कर्मचाऱ्याने नितांत सचोटी राखावी आणि कर्तव्यपरायण असावं, हे त्यात आधी येतं. त्याच नियमात पुढे म्हटलं आहे की पर्यवेक्षकाच्या पदावर असणाऱ्याने हाताखालच्या लोकांची सचोटी आणि कर्तव्यपरायणता राहील यासाठीही शक्य ती सर्व पावलं उचलली पाहिजेत. म्हणजे 'मी एक पैसा खाल्ला नाही' एवढ्यावर साहेबाची सुटका नाही. त्याच्या टेबलासमोर कोण काय करतं याचाही जाब त्याच्याकडेच. वरिष्ठाचे आदेश सामान्यतः लेखी असावेत, असंही त्याच नियमात आहे. तोंडी दिले तर मागाहून लेखी दुजोरा द्यायचा. आमच्या कचेऱ्यांत हे किती पाळलं गेलं हा वेगळा विषय आहे, आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं. पण 'नेतृत्व' हा शब्द न वापरता त्याचा अख्खा अर्थ त्या एका नियमात आला आहे.

खारघरकर
कोपरीकर सर, तुम्ही सांगितलेलं व्यवस्थापनशास्त्रातही जवळजवळ याच रूपात आहे. मी हा विषय शिकवते. लिंडा ट्रेविनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2000 साली मांडलं की अशा नेतृत्वाला दोन खांब लागतात: माणूस स्वतः नीतिमान असणं, आणि त्याने कारभारही नीतीने चालवणं. दुसऱ्यात उघडपणे त्याबद्दल बोलणं येतं, बक्षीस आणि शिक्षा येते, रोजचे निर्णय येतात. पहिला खांब आहे पण दुसरा नाही, अशा प्रमुखाला त्या तटस्थ म्हणतात. तो स्वतः स्वच्छ असतो, पण या विषयावर तोंड उघडत नाही. मग हाताखालचे समजतात, वर फक्त आकड्यांना किंमत आहे.

आणि नुसत्या शब्दावर विसंबू नका, ताई. आपल्या गुहागरच्या दाभोळ वीज प्रकल्पामुळे एन्रॉन ही अमेरिकी कंपनी मराठी घराघरांत माहीत झाली. त्या कंपनीने जाहीर केलेल्या चार मूल्यांत आदर, संवाद आणि उत्कृष्टता यांच्या जोडीला सचोटीही होती. आचारसंहितेची 64 पानी पुस्तिका होती. तरी हिशेबातले घोटाळे उघडे पडले आणि 2 डिसेंबर 2001 ला कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला.

नौपाडाकर
दोन खांबांचं वाचून आपल्याच भाषेतली एक उणीव डोळ्यांपुढे आली. स्वतः स्वच्छ राहणाऱ्यासाठी मराठीत शब्दांची चंगळ आहे. निःस्पृह, सचोटीचा, चोख, इमानी, सत्त्वशील, आणि सगळ्यांच्या वर 'रामशास्त्री बाणा'. 1773 साली नारायणराव पेशव्यांचा खून झाला. रामशास्त्री प्रभुण्यांनी राघोबादादांना दोषी ठरवून देहान्त प्रायश्चित्त सांगितलं आणि ते पुणं सोडून गेले. त्याच खुनाच्या आख्यायिकेने आपल्याला दुसरा वाक्प्रचारही दिला: 'ध चा मा करणे'. 'धरावे'चं 'मारावे' झालं म्हणतात. कागदातली खाडाखोड आणि निःस्पृह न्याय, या दोन्हींसाठी मराठी माणूस अजून त्याच एका घटनेकडे जातो.

रामशास्त्रींबद्दल मला अपार आदर आहे. पण त्यांच्या नावाने रूढ झालेला बाणा बाहेर पडणाऱ्याचा आहे. उद्याही त्याच कारखान्यात, त्याच लोकांबरोबर काम करायचंय आणि तिथला कारभार नीट चालवायचाय, अशा माणसासाठी आपण शब्द घडवलाच नाही. जुन्या कारभारात त्याची जाण होती. शिवाजी महाराजांनी 1676 मध्ये प्रभावळीचे सुभेदार रामाजी अनंत यांना लिहिलेलं पत्र बघा. इमानेइतबारे काम करा, रयतेच्या भाजीच्या देठालाही मन दाखवू नका, हे त्यात आहे. पण ते पत्र तिथे थांबत नाही. गावोगाव फिरा, कुणबी गोळा करा, ज्याच्याकडे बैल नाहीत त्याला बैलासाठी पैसे द्या, असं पुढे सविस्तर सांगितलं आहे. 'खाऊ नकोस' हा त्यातला एक भाग. ज्याला तू नेतोस त्याला उभं कर, हा त्याहून मोठा भाग. 'इमानेइतबारे' आपण उचललं आणि हा दुसरा भाग विसरलो.

घणसोलीकर
मी शॉपफ्लोअरवर काम केलंय, म्हणून लिहितो. आधीच्या एका ठिकाणी भंगाराच्या गाडीचं वजन काट्यावर कमी दाखवलं जायचं. गेटवरच्या मुलाने ते वर सांगितलं. साहेब स्वतः खाणारा नव्हता, हे मी खात्रीने सांगतो. पण तो म्हणाला, "तुला काय करायचंय, तू गेट सांभाळ." आठवड्याने त्या मुलाला कायमची रात्रपाळी लागली. नंतर दोन वर्षं कोणी काही सांगितलं नाही. तुमच्या दुसऱ्या खांबाचं तिथे असं झालं.

आणि त्या मुलाला लोक काय म्हणायचे? चुगलखोर. साहेबाचा माणूस. घरभेदी. यावर काही शब्द असेल तर तो सांगा. आचारसंहितेत 'निर्भय अभिव्यक्ती' लिहून काही होणार नाही.

खारघरकर
वर्तमानपत्रांत यासाठी 'जागल्या' येतो. गावगाड्यातला रात्री जागून राखण करणारा तो जागल्या. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणातले अभियंते सत्येंद्र दुबे यांनी सुवर्ण चतुष्कोन प्रकल्पातला गैरव्यवहार कळवला होता, 2003 च्या नोव्हेंबरात गयेत त्यांचा खून झाला. अशा माणसांबद्दल लिहिताना मराठी पत्रकारांनी हा शब्द पुन्हा वर काढला. कंपनी कायदा 2013 च्या कलम 177 नुसार सूचिबद्ध, म्हणजे शेअर बाजारात नोंदलेल्या, कंपन्यांना अशा तक्रारींसाठी दक्षता यंत्रणा ठेवावीच लागते, आणि तक्रार करणाऱ्याला त्रास होणार नाही याची काळजी घ्यावी लागते.

वाशीकर
जागल्या छान आहे, पण छापील आहे. आमच्याकडे तरुण पोरांना तो माहीत नाही. शिवाय त्यात जातीचा आणि बलुत्याचा जुना संदर्भ आहे, कोणाला टोचू शकतो. जपून वापरा.

नौपाडाकर
वाशीकरांची शंका रास्त आहे. मला वाटतं, सांगणाऱ्यासाठी नाव शोधण्यापेक्षा साहेबाने काय करायचं त्याचं क्रियापद धरावं. ते मराठीत तयार आहे, आणि इतकं नेमकं आहे की दुसऱ्या भाषेत इतक्या थोडक्यात सांगता येईलसं मला वाटत नाही. 'पाठीशी घालणे' आणि 'पाठीशी उभे राहणे'. पाठ तीच. गुन्हेगाराला पाठीशी घालतात आणि खरं बोलणाऱ्याच्या पाठीशी उभं राहतात. घणसोलीकरांच्या साहेबाने पैसे खाल्ले नाहीत, पण काट्यावरच्या माणसाला पाठीशी घातलं आणि गेटवरच्या मुलाच्या पाठीशी उभा राहिला नाही. ही दोन वाक्यं वाचल्यावर कोणत्याही कामगाराला 'नैतिक नेतृत्व' वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

याच्या जोडीला 'सांभाळून घ्या' या शब्दप्रयोगावरही लिहा. नवशिक्याची चूक सांभाळून घेणं हा मोठेपणा आहे. पण "जरा सांभाळून घ्या, साहेब" हे खोट्या बिलासाठीही तसंच म्हटलं जातं. शब्द एकच असल्यामुळे चांगल्या माणसाचीही फसगत होते. कोणाची चूक सांभाळून घ्यायची आणि कोणती लबाडी सांभाळायची नाही, याची दोन-दोन उदाहरणं तिथल्या तिथे द्या.

कोपरीकर
उत्तरदायित्वाचं राहिलं. तिथे सरळ 'जबाबदारी' लिहा. जबाब देणारा तो जबाबदार, म्हणजे उत्तर देण्याचा अर्थ त्यात मुळातच आहे. फक्त वाक्यात कोणाला आणि किती दिवसांत जबाब द्यायचा ते आलं पाहिजे.

ऐरोलीकर
सगळ्यांचे मनापासून आभार. 'नैतिक नेतृत्व' हे शीर्षक काढून 'साहेब आणि सुपरवायझर यांनी कसं वागायचं' असं करते. मजकुराचा कच्चा खर्डा:

"साहेब, सुपरवायझर आणि लाइन लीडर यांचा स्वतःचा व्यवहार चोख असला पाहिजे. कोणी चूक किंवा गैरप्रकार सांगितला तर त्यांनी सांगणाऱ्याच्या पाठीशी उभं राहायचं. गैरप्रकार करणाऱ्याला पाठीशी घालायचं नाही. नियमाबाहेरचं काम कोणी तोंडी सांगितलं तर ते लेखी मागण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. लेखी मागितलं किंवा तक्रार केली म्हणून कोणाची पाळी, जागा किंवा ओव्हरटाइम बदलला जाणार नाही."

घणसोलीकर
शेवटचं वाक्य हवंच होतं. 'कंत्राटी कामगारांनाही हे लागू' अशी एक ओळ वेगळी घाला, नाहीतर ठेकेदार म्हणेल हे आमच्या पोरांसाठी नाही.

कोपरीकर
'बदलला जाणार नाही' या वाक्यात कर्ताच नाही. कोण बदलणार नाही? सरकारी कागदांत मी हा प्रयोग आयुष्यभर पाहिला. उद्या पाळी बदलली तर कोणालाच धरता येत नाही. असं करा: "तक्रारीनंतर सहा महिन्यांत त्या कामगाराची पाळी किंवा जागा विभागप्रमुखाने बदलली, तर त्याचं लेखी कारण विभागप्रमुख सात दिवसांत मनुष्यबळ विभागाला देईल, आणि मनुष्यबळ विभाग ते कामगाराला दाखवेल."

ऐरोलीकर
हे वाक्य जसंच्या तसं घेते. सात दिवसांवर विभागप्रमुख अडतील, दहापर्यंत जायची माझी तयारी आहे. 'कामगाराला दाखवेल' मात्र काढू देणार नाही.