डॉट डेव्ह सोडा, डॉट टेस्ट घ्या

वर कुणीतरी सुचवलंय की होस्ट्स फाइलमध्ये (कुठलं नाव कुठल्या आयपी पत्त्यावर जातं ते मशीनला सांगणारी फाइल) आपल्याच मशीनवरच्या लोकल सर्व्हरला डॉट डेव्हने संपणारं नाव द्या आणि ब्राउझरची वॉर्निंग आली की सरळ पुढे जा, तर प्लीज तसं करू नका. डॉट डेव्ह आता खरं डोमेन आहे, क्रोम २०१७ पासून त्यावर एचटीटीपीएसची, म्हणजे सुरक्षित कनेक्शनची, सक्ती करतो, सर्टिफिकेट (साइट खरी असल्याचा दाखला) चुकीचं असेल तर पुढे जायचं बटणच मिळत नाही. डॉट टेस्ट १९९९ पासून टेस्टिंगसाठीच राखीव आहे, तेच घ्या.

आम्ही मडगावला होमस्टे बुकिंगची साइट करतोय, त्यात होमस्टे डॉट टेस्ट हे नाव १२७.०.०.१ ला, म्हणजे आपल्याच मशीनला, लावलं, एमकेसर्ट या लोकल सर्टिफिकेट बनवणाऱ्या टूलचं इन्स्टॉल एकदा चालवलं, मग नाव दिलं की सर्टिफिकेट आणि की अशा दोन फायली मिळतात त्या एन्जिनएक्स या वेब सर्व्हरला द्यायच्या, झालं.

खरी कटकट फोनवर टेस्ट करताना. तिथे होस्ट्स फाइल बदलता येत नाही, म्हणून लॅपटॉपवर डीएनएसमास्क (छोटा डीएनएस सर्व्हर, म्हणजे नावावरून पत्ता सांगणारा) चालवून फोनचा डीएनएस तिकडे वळवा, आणि एमकेसर्टच्या फोल्डरमधलं रूटसीए डॉट पेम, म्हणजे त्याचं मूळ सर्टिफिकेट, फोनमध्ये टाका. आयफोनवर नुसतं टाकून भागत नाही, सेटिंग्ज, जनरल, अबाउटमध्ये खाली सर्टिफिकेट ट्रस्टचं बटण चालू करावं लागतं.

आणि त्याच फोल्डरमधली रूटसीएची की कुणालाही पाठवू नका, टीममधल्यालाही नाही, ती ज्याच्या हातात पडेल तो तुमच्या मशीनला कुठलीही खोटी साइट खरी म्हणून दाखवू शकतो. प्रत्येकाने आपापली बनवावी.