रविवारची चिखल शर्यत: कोण कोण येतंय?

बी-१०४: रविवारी आईबाबा आणि मुलांसाठी चिखलातली अडथळ्यांची शर्यत आहे. आमची दोघं हट्टाला पेटलीत. कोणी गेलंय का आधी? कपडे काय घालायचे?

ए-२०३: आम्ही गेलोय, वहिनी. सुती कपडे नकोत. पाणी पिऊन जड होतात आणि वाळता वाळत नाहीत, मुलं कुडकुडतात. खेळायचे सिंथेटिक कपडे घाला. जाळीखालून रांगताना खडे टोचतात, म्हणून पँट पायघोळ हवी. बूट जुनेच, पण नाड्या घट्ट. सँडल चिखलातच रुतून बसतात. अंगठ्या, कानातले घरी ठेवा.

सी-५०१: पैसे भरून चिखलात लोळायचं? धन्य आहात.

ए-२०३: काका, नातवाला घेऊन याच तुम्ही 😄

ए-६०२ (डॉक्टर): थोडं रसभंग करणारं लिहिते. चिखलात जनावरांचं मलमूत्र मिसळलेलं असू शकतं. लेप्टोस्पायरोसिस या तापाच्या आजाराचे जंतू त्यातूनच, कातडीवरच्या जखमेवाटे शरीरात शिरतात. २०१२ साली अमेरिकेत नेवाडातल्या अशाच एका शर्यतीनंतर स्पर्धकांना कॅम्पिलोबॅक्टर नावाच्या जंतूंमुळे जुलाब झाले होते, चिखलाचं पाणी तोंडात गेल्यामुळे. त्यामुळे तिथे गुरं चरतात का, पाणी कुठून आणतात, हे आयोजकांना आधीच विचारा. पायाला ताजी जखम असेल तर त्या मुलाला या वेळी नेऊ नका. धनुर्वाताची लस वेळच्या वेळी झालीय ना, तेही बघा. लेन्स लावू नका. डोळ्यात चिखल गेला तर चोळायचं नाही, स्वच्छ पाण्याने धुवायचं.

बी-१०४: बापरे. मग न्यायचं की नाही?

ए-६०२ (डॉक्टर): न्या की! माझा मुलगाही येतोय. फक्त पुढच्या महिनाभरात ताप आला, तर चिखलात खेळल्याचं डॉक्टरांना आवर्जून सांगा.

ए-२०३: मला विचाराल तर चिखलापेक्षा आईबापांचीच काळजी जास्त 😀 उंच भिंतीपाशी मूल अडतं, मागून "चल चल, सगळे बघतायत" सुरू होतं, आणि ते रडायला लागलं की गंमत संपली. अडथळ्याच्या बाजूने वाट असते, तिथून खुशाल जाऊ द्या. आमच्या धाकटीने भिंत सोडली, पुढचा चिखलाचा खड्डा मात्र दोनदा केला. मागचे खोळंबले, पण कोणी काही बोललं नाही. आणि फोन गाडीतच ठेवा. एका हातात फोन, दुसऱ्या हातात मूल, अशाने दोघंही आडवे होतात.

बी-१०४: आमच्याकडे थोरला पळणारा आणि धाकटा चार वर्षांचा. जमेल?

ए-२०३: पळणाऱ्याबरोबर दादा, धाकट्याबरोबर तुम्ही. चौघांनी एकत्र राहायचा हट्ट धरला तर कोणालाच मजा येत नाही. पाण्याच्या खड्ड्यात धाकटा हाताच्या अंतरावरच हवा, पाणी गुडघाभर असलं तरी.

ए-६०२ (डॉक्टर): आणि त्याला मनगट धरून वर ओढू नका. एवढ्या लहान मुलांचं कोपराजवळचं हाड झटक्याने सरकतं. काखेत धरून उचला.

डी-४०१: शर्यत झाल्यावर आधी मुलांना कोरडं करा, फोटो नंतर. कपडे थेट मशीनमध्ये टाकू नका गं, मातीने जाळी तुंबते. चिखल वाळू द्या, झटका, बादलीत दोन-तीनदा खळबळा, मग मशीन. बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून सावलीत ठेवा.

सचिव: सर्वांना शुभेच्छा. चिखलाच्या बुटांनी लिफ्टमध्ये येऊ नये ही नम्र विनंती. पार्किंगच्या नळावर पाय धुवावेत.

डी-४०१: सचिवसाहेब, त्या नळाला कालपासून पाणी नाही.

सचिव: प्लंबरला सांगितलंय. शनिवारपर्यंत होईल.

बी-१०४: ठीक, आमचे चौघं नक्की. बाकीच्यांनी उद्या संध्याकाळपर्यंत सांगा, म्हणजे गाड्यांचं ठरवता येईल. सीटवर टाकायला जुन्या चादरी कोणाकडे आहेत का?