‘योजना ओळखीवरच मिळतात’ म्हणणाऱ्यांसाठी

ढेकूळ: कृषी खात्याच्या योजना तालुक्यात कधी येतात, कधी संपतात, पत्ता लागत नाही. ठिबक, शेततळी पुढाऱ्यांच्या माणसांनाच. साध्या शेतकऱ्याने अर्जाच्या भानगडीत पडू नये.

बांधकरी: शेवटच्या वाक्यासाठी लिहितोय. असं सांगून तुम्ही गरजू माणसाला घरी बसवता. महाडीबीटी या सरकारी योजनांच्या अर्ज-पोर्टलवरची सोडत २०२५ मध्ये गेली, आता आधी अर्ज त्याला आधी लाभ. शेतकरी ओळखपत्र १५ एप्रिल २०२५ पासून सक्तीचं. काढताना जमिनीचे सगळे गट क्रमांक जोडलेत का ते बघा. आधारवर ‘तुकाराम’ आणि सातबाऱ्यावर ‘तुका’ असेल तर आधी ते दुरुस्त करा. जमिनीच्या सामाईक खात्याला सहहिस्सेदारांचं संमतीपत्र लागतं. आणि कृषी खात्याची पूर्वसंमती हातात येण्याआधी माल उचलू नका. बिलावर आधीची तारीख दिसली की प्रकरण बाद, मग ओळख कुणाचीही असो.

ढेकूळ: ठिबकला ८० टक्के म्हणतात, पदरात तेवढे पडत नाहीत. ते पैसे कोण खातं?

बांधकरी: ८० टक्के अल्प-अत्यल्प भूधारकाला, बाकीच्यांना ७५, तेही शासनाने ठरवलेल्या खर्चावर, म्हणजे मापदंडावर, दुकानदाराच्या बिलावर नाही. लॅटरलमधलं, म्हणजे ठिबकच्या नळ्यांमधलं, अंतर वाढलं की मापदंड उतरतो. कोटेशन घेतानाच हिशोब मांडा.

माथा_ते_पायथा: ठिबकचं ठीक. पण शेततळ्याला जलसंधारण म्हणणं बंद करा! ३० × ३० × ३ मीटरचं तळं, बाजूंना १:१ उतार, म्हणजे तळाशी २४ × २४. पाणी मावतं २,१९६ घनमीटर, जवळपास २२ लाख लिटर. त्यात ५०० मायक्रॉन जाडीचा प्लास्टिकचा कागद अंथरायचा आणि बोअर उपसून भरायचं. जमिनीतलं पाणी वर काढून उन्हात वाळवणं हे कसलं संधारण?

डाळिंबवाला: मुरमाड रानात कागदाशिवाय तळं महिनाभर तरी टिकतं का? मे महिन्यात बागेला काय पाजायचं, सलग समतल चर?

माथा_ते_पायथा: चर, म्हणजे उतारावर एका पातळीत खणलेले पाणी मुरवणारे खंदक, बाग पाजत नाहीत, विहीर जिवंत ठेवतात. माथ्यावर चर, मधे बांधबंदिस्ती, खाली नाल्यावर बंधारा, हा क्रम आहे. वरचं काम सोडून नुसता बंधारा घातला की तो गाळानेच भरतो. बोअरवर तळी भरून तुम्ही शेजाऱ्याची विहीर कोरडी पाडता, हे कबूल करा.

डाळिंबवाला: शेजाऱ्याचं पाणी चोरतो म्हणता? तोंड सांभाळून बोला. तळं ओढ्याच्या पुरावरही भरता येतं. पाणी आत येण्याच्या तोंडाशी गाळ बसायला खड्डा घ्यायचा, सांडव्याला, म्हणजे जादा पाणी जाण्याच्या वाटेला, दगडाचं पिचिंग (अस्तर) करायचं, कागदाची कड बांधावरच्या चरात गाडायची. कड उघडी राहिली की वाऱ्याने उचलते आणि फाटते.

माथा_ते_पायथा: पुरावर भरत असाल तर माझी हरकत नाही. बोअरवरच्या तळ्याला मात्र एक रुपयाही देऊ नये, यावर मी ठाम आहे.

ढेकूळ: माझा मुद्दा राहिलाच. अर्ज पोर्टलवर आला तरी मोका तपासणीला, म्हणजे शेतावर येऊन पाहायला, माणूस येईना, त्याचं काय?

बांधकरी: हे मान्य, तिथे अडतं. अर्ज क्रमांक घालून तालुका कृषी अधिकाऱ्याला लेखी द्या आणि आवक क्रमांकाची पोच घ्या. नुसत्या तोंडी विचारण्याची कुठेच नोंद राहत नाही.