विषय: कोपऱ्यावरचं कोरियन-जपानी हॉटेल (वार्षिक सभेच्या जेवणासाठी)

नमस्कार मंडळी,

शुक्रवारी समितीची बैठक लांबली, भुका लागल्या आणि आम्ही सात जण कोपऱ्यावरच्या कोरियन-जपानी हॉटेलात शिरलो. इतकी वर्षं समोरून जातोय, आत पहिल्यांदाच गेलो.

ऑर्डर आली नाही तोच टेबलावर पाच-सहा वाट्या येऊन पडल्या. किमची म्हणजे आंबवलेली तिखट कोबी, मोड आलेलं सोयाबीन, तिळाच्या तेलातला पालक. "हे आपण मागवलेलं नाही, बिलात लागेल," म्हणत खजिनदार वाट्या परत करायला निघाले होते. ते 'बान्छान', जेवणाबरोबरच येतं आणि संपलं की पुन्हा मिळतं, हे कळल्यावर त्यांनी पालक तीनदा मागवला.

मी दगडी भांड्यातला बिबिम्बाप, म्हणजे वर भाज्या रचलेला भात, घेतला. भांडं इतकं तापलेलं की टेबलावर आल्यावरही भात चुरचुरत होता. लगेच ढवळायचा नाही, जरा दम धरायचा, म्हणजे तळाशी खरवड धरते. तिच्यावरून आमच्यात थोडी झटापट झाली.

वार्षिक सभेनंतर सगळ्यांनी तिथेच जेवावं, असं सुचवतो.

— सचिव

---

सचिवमहोदय,

पालक दोनदा. इतिवृत्तात दुरुस्ती करावी.

प्रस्तावाला माझा विरोध आहे. मी शाकाहारी, हे सगळ्यांना ठाऊक आहे. टोफू म्हणजे बिनघोर, म्हणून 'आगेदाशी टोफू', म्हणजे तळलेला टोफू, मागवला. वर कागदाच्या कपट्यासारखं काहीतरी चक्क हलत होतं. मला वाटलं कांद्याचं साल असेल. अर्धी वाटी संपल्यावर कळलं की तो मासा. वाढणाऱ्या मुलीला आधी "व्हेज ना?" असं विचारलं होतं, तेव्हा तिने हसून मान डोलावली होती. याला फसवणूक नाही तर काय म्हणायचं?

— खजिनदार

---

खजिनदारसाहेब, त्या मुलीवर रागावू नका. तो पदार्थ 'दाशी'च्या रश्श्यातच वाढतात.

दाशी म्हणजे जपानी स्वयंपाकाचं मूळ पाणी. कोम्बू नावाचं समुद्री शेवाळ आणि कात्सुओबुशी यांचा अर्क. कात्सुओबुशी म्हणजे बोनिटो मासा उकडून, धुरावून, लाकडासारखा टणक होईपर्यंत वाळवलेला. तो रंध्यावर किसतात. किसलेले कपटे इतके पातळ असतात की गरम पदार्थाच्या वाफेनेच वळवळतात. तुमच्या वाटीत तोच नाच चालला होता. आणि कपटे काढून टाकले असते तरी खालच्या रश्श्यात मासा होताच. आंबवलेल्या सोयाबीनच्या मिसो सूपचंही तेच.

कोरियन बाजूला सुकी छोटी मासळी आणि शेवाळ उकळून रस्सा करतात. किमचीत बहुतेकदा खारवलेली कोळंबी किंवा माशाचा सॉस असतो. म्हणजे किमची खाल्ली असेल तर... जाऊ दे.

हॉटेलवाल्यांच्या लेखी तुकडे नाहीत म्हणजे मासा नाही. म्हणून "व्हेज आहे का?" हा प्रश्नच कुचकामी. "रस्सा कशाचा?" असं विचारायचं. बौद्ध मठांमुळे दोन्ही देशांत पूर्ण शाकाहारी स्वयंपाक आहेच. जपानी मठात कोम्बू आणि सुक्या शिताके अळंबीची दाशी करतात. चवीत काही कमी पडत नाही. जपानी रसायनशास्त्रज्ञ इकेदा किकुनाए यांनी 1908 साली ही चव देणारं ग्लुटामेट वेगळं काढून त्या चवीला 'उमामी' नाव दिलं, तेही कोम्बूतूनच, माशातून नव्हे.

बिबिम्बाप मांस आणि अंडं वगळून मागा. किम्बाप, म्हणजे समुद्री शेवाळात गुंडाळलेला भात, तोही तसाच मागता येतो. दिसतो सुशीच्या गुंडाळीसारखा, पण त्याच्या भाताला तिळाचं तेल असतं, सुशीच्या भाताला व्हिनेगर.

— ग्रंथालय सांभाळणारी

---

एकाच हॉटेलात दोन देश म्हणजे धड हे नाही, धड ते नाही. त्यात त्या स्टीलच्या चपट्या काड्या! माझा घास तीनदा मांडीवर पडला.

— एक ज्येष्ठ सभासद

---

काका, कोरियात भात आणि सूप चमच्यानेच खातात, काड्या बाकीच्या वाट्यांसाठी. तुम्ही बिनधास्त चमचा घ्या. फक्त काड्या भातात उभ्या खोचून ठेवू नका. जपानमध्ये मृतापुढच्या भातात तशा खोचतात, कोरियातही ते अशुभच मानतात. आणि देशांची तुलना नको. कोरियाची किमची घालण्याची परंपरा आणि जपानचा पारंपरिक आहार, दोन्ही युनेस्कोच्या यादीत 2013 सालीच गेले.

— ग्रंथालय

---

मंडळी,

काल हॉटेलात फोन करून थेट "रस्सा कशाचा?" असं विचारलं. पलीकडे शांतता. मग मालकीणबाई स्वतः फोनवर आल्या. मासळीशिवाय सूप हवं असेल तर दोन दिवस आधी सांगा, शिताकेचं करून देईन म्हणाल्या. किमची मात्र त्यांची कोळंबीचीच. शाकाहारी टेबलावर त्या ती ठेवणार नाहीत. बिबिम्बापचं गोचुजांग, म्हणजे मिरचीची तिखट चटणी, त्या वेगळ्या वाटीत देतील.

बुधवारपर्यंत नावं कळवा. नावापुढे 'शाकाहारी', 'अंडं चालतं' किंवा 'सगळं चालतं' असं लिहा, म्हणजे टेबलं तशी लावता येतील.

पहिलं नाव खजिनदारांचंच आलंय. पुढे लिहिलंय: 'शाकाहारी. पालक जास्त सांगा.'

— सचिव